गल्फची वाट आणि घरातले कागद

आपल्या धाराशिव जिल्ह्यात पाऊस लहरी, शेती बहुतांश कोरडवाहू आणि कारखाने थोडे. त्यामुळे नळदुर्ग, परंडा, उमरगा भागातली मुले पुण्या-मुंबईला जातात आणि काही जण रियाध, दुबई, कुवेतची वाट धरतात. व्हिसा आला की घरात मिठाई वाटली जाते. कागद मात्र कोणी वाचत नाही, आणि पुढची अडचण बहुधा त्या न वाचलेल्या कागदातच असते.

आम्हा शिक्षकांना पहिला कागद दिसतो तो दहावीच्या सनदेचा. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर' असा शेरा येतो. त्याला सौदी, अमिरात, कतार, ओमान, कुवेत यांच्यासह 18 देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारची परवानगी लागते. ही तरतूद 1983च्या उत्प्रवास कायद्यातली आहे. लोक तिला अडथळा समजतात. पण या परवानगीच्या वेळी मालकाचे नाव, पगार आणि करार तपासला जातो, म्हणजे ती कामगाराची ढालच आहे. दहावी पास मुलाला हा शेरा नसतो. तशी ही तपासणीही नसते, म्हणून त्याने करार स्वतः वाचायला हवा.

ही परवानगी चुकवण्यासाठी काही दलाल सांगतात, "आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ." इथेच मुलगा फसतो. व्हिजिट व्हिसावर काम करणे गुन्हा आहे. पगार बुडाला तरी तक्रार करायची सोय उरत नाही, कारण हातात करारच नसतो.

पैसे देण्यापूर्वी एजंट सरकारी नोंदणीचा आहे का, हे 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर पाहावे. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढेच घेता येते. पावती मागावी. ईसीआर कामगाराला 'प्रवासी भारतीय बीमा योजना' सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास 10 लाखांचे संरक्षण. जमीन गहाण टाकून जाणाऱ्या घराला हे 275 रुपये जड नाहीत.

नावांकडेही लक्ष द्या. शाळेच्या दाखल्यावर 'शेख' पुढे, आधारवर मागे, पासपोर्टवर 'मोहम्मद'चे स्पेलिंग तिसरेच, असे होते. जुन्या कागदांवर जिल्हा 'उस्मानाबाद' आहे, 2023 नंतरच्या कागदांवर 'धाराशिव'. जिल्ह्याचा बदल सरकारी आहे, त्याने घाबरू नये. नाव आणि जन्मतारीख मात्र सगळीकडे एकच हवी. ती दुरुस्ती मूल शाळेत असतानाच करून घ्यावी.

आणि तिथे अडकल्यावर? युरोपात आश्रयाचा अर्ज करता येतो, असे आपण ऐकतो. पण 1951च्या निर्वासित करारावर सौदी, अमिरात, कुवेत, कतार यांच्या सह्या नाहीत, भारताचीही नाही. शिवाय पगार बुडाला म्हणून कोणी निर्वासित ठरत नाही. तिथे कामगाराचा आधार म्हणजे करार, इकामा आणि आपली वकिलात. कफिलाने पासपोर्ट स्वतःकडे ठेवणे सौदी आणि अमिरातीत नियमाविरुद्ध आहे. पासपोर्ट हरवला तर वकिलात घरी परतण्यापुरता तात्पुरता दाखला देते.

कधी कधी सरकारे मोहलत देतात. सौदीने 2017मध्ये दिली होती. अमिरातीने 1 सप्टेंबर 2024पासून दिलेली मोहलत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. त्या काळात मुदत संपलेल्यांना दंड न भरता कागद नियमित करता आले किंवा घरी परतता आले. पण मोहलत कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि तिने कर्ज किंवा कोर्टातला खटला मिटत नाही.

म्हणून पासपोर्ट, व्हिसा, करार, विमा आणि एजंटाची पावती यांची एकेक प्रत घरी ठेवा, आणि ती आई किंवा बायकोच्या हाती द्या. तिला त्यातला मालकाचा पत्ता आणि इकाम्याची मुदत वाचता आली पाहिजे. फोन बंद झाला, पगार थांबला, तर कलेक्टर कचेरीत किंवा 'मदद' संकेतस्थळावर तक्रार तीच करणार आहे. त्या वेळी तिच्याकडे रडण्याखेरीज हे पाच कागदही असले पाहिजेत.