बेसिक किती?

कॅम्पस इंटरव्ह्यूचा सीझन आला की होस्टेलवर एकच प्रश्न ऐकू येतो, ‘पॅकेज किती?’ मीही तोच विचारायचो. मेच्या सुट्टीत शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ट्रेनिंगला होतो. माझे मामा तिथे मोल्डर आहेत. पाहुण्यातल्या एका पोराला वीस हजारांची नोकरी लागली, असं मी त्यांना कौतुकानं सांगितलं. मामांनी डब्यातनं मानही वर केली नाही. एवढंच म्हणाले, "बेसिक किती?"

मला सांगता येईना. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकतोय, पण पगाराची स्लिप वाचता येत नाही!

मग मामांनीच शिकवलं. मूळ पगार म्हणजे बेसिक. त्यावर महागाई भत्ता. या दोघांची बेरीज हा पगाराचा पाया. पीएफचे 12 टक्के याच बेरजेवर कापले जातात, आणि मालकही तेवढेच भरतो (त्यातला 8.33 टक्के पेन्शनच्या खात्यात जातो). ग्रॅच्युइटीही यावरच. घरभाडं, प्रवास भत्ता, धुलाई भत्ता हे सगळं वरचं. हातात पडतं, पण पुढं मोजलं जात नाही.

ग्रॅच्युइटीचा हिशोब असा: शेवटचा बेसिक अधिक महागाई भत्ता, भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. समजा दोघांनाही वीस हजारच मिळतात आणि दोघांची नोकरी तीस वर्षं. एकाचा पाया 14 हजारांचा, त्याला सुमारे 2 लाख 42 हजार मिळतील. दुसऱ्याचा 8 हजारांचा, त्याला 1 लाख 38 हजार. हातातला पगार सारखाच, तरी लाखाचा फरक! 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरची रक्कम मूळ वेतनात धरायची आहे. म्हणजे दुसऱ्याचेही आता 10 हजार धरावे लागतील. पण 14 नाहीत.

ही 14 आणि 10 मधली जागा कायदा भरत नाही. ती करारात भरली जाते. जादा कामाला दुप्पट दर, वीस दिवसांच्या कामामागं एक दिवस भरपगारी रजा, किमान 8.33 टक्के बोनस, एवढं कायद्यानं मिळतं. त्यापुढचं सगळं युनियनच्या मागणीपत्रात लिहावं लागतं. मालकही मोकळा देत नाही, पाळीला बॉक्स किती वाढवून देणार ते विचारतो. समझोता अधिकाऱ्यासमोर सही झाली, की तो करार कारखान्यातल्या सगळ्या कामगारांना लागू होतो, युनियनची वर्गणी न भरणाऱ्यालाही. (मला हे जरा अन्यायाचंच वाटलं. मामा नुसतेच हसले.)

मामांच्या शेजारी एक कंत्राटी पोरगा काम करतो. तीच वाळू, तोच ताप, मोल्डही तसाच सफाईदार. पण त्याचा मालक ठेकेदार, त्यामुळं करारात त्याचं नाव नाही. माझे आजोबा मुंबईत गिरणीत होते, तिथं अशांना ‘बदली’ म्हणायचे, हजेरी लागेल त्या दिवसाचाच पगार. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाख कामगार संपावर गेले. आजोबा त्यातलेच, पुढं गावाकडं परतले ते कायमचे. म्हणूनच असेल, मामा संपाचं नाव लवकर काढत नाहीत. तीन-चार महिने बोलणी चालली तरी चालवतात.

एकदा मात्र त्यांचंही चुकलं. एका करारात मालकानं दोन पर्याय ठेवले होते: बेसिकमध्ये थोडी वाढ, नाहीतर भत्त्यांत भरपूर. "पोरांच्या शाळा, घराचा हप्ता... रोख दिसलं की माणूस हात वर करतोच की रं," मामा म्हणाले. "मीबी केला." त्यांच्या जोडीचा एक फर्नेसवाला त्यानंतर रिटायर झाला. चेक घेऊन तो मामांकडं आला आणि आकडा चुकलाय काय म्हणून विचारायला लागला. चुकला नव्हता.

संध्याकाळी पाहुण्यातल्या त्या पोराला फोन लावला. त्यानं ऑफर लेटर शोधलं, दोनदा वाचलं.

"आठ हजार," म्हणाला. "का रे?"