द्वि-इंधन एंजिन
द्वि-इंधन एंजिन : ज्या डीझेल एंजिनात हवेबरोबर वायुरूप इंधन शोषले जाते व थोडे द्रव इंधन फवारून ते पेटविले जाते, असे एंजिन. यासाठी जैव वायू सोयीचा असतो. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठधामात १८९७ मध्येच मैल्यापासूनच्या वायूवर दिवे लावीत. या वायूतील कार्बन डाय-ऑक्साइडामुळे ज्वलनाचे तापमान उतरते व नायट्रोजनाची ऑक्साइडे घटतात. काजळीही कमी होते. मात्र हलक्या भारावर विरल मिश्रण पुरते जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड व मिथेन धुरांड्यातून निसटतात. मिथेन हा कार्बन डाय-ऑक्साइडाहून कितीतरी प्रखर हरितगृह वायू असल्याने खरी अडचण हीच होय. फवाऱ्यासाठी नागपूरकडेही आढळणाऱ्या करंजाच्या तेलापासूनचे जैव डीझेल मिसळल्यास त्यातील ऑक्सिजनामुळे ज्वलन सुधारते. फवारा थोडा आधी सोडल्यासही सुधारते, पण नायट्रोजनाची ऑक्साइडे पुन्हा वाढतात. शेतातील पंपाला हलक्या भारावर वायू कमी देणे हाच सोपा उपाय ठरतो.