पानाच्या टोकाने चढणारी कळलावी

कोकणात काही गावांत 'गौरीचे हात' म्हणून जी लाल-पिवळी फुलं गौरीला वाहतात, त्यांचा वेल वडोदऱ्याच्या मराठी मंडळींना पावागढाच्या झाडोऱ्यात पाहता येतो. ही कळलावी, शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. फुलात असली की चुकायची सोय नाही. सहा नागमोडी पाकळ्या मागे उलटलेल्या. आधी हिरवट, मग पिवळ्या, शेवटी लालभडक. स्त्रीकेसराची दांडी तर बुडाशीच काटकोनात वळून आडवी होते.

खरी परीक्षा फुलं नसताना. भोपळ्याचे तणावे खोडातून फुटतात. कळलावीचं मात्र पानच टोकाशी निमुळतं होऊन गुंडाळतं आणि शेजारच्या झुडपाला धरतं. हिवाळ्यात वेल वाळतो, खाली नांगरासारखा दुभंगलेला कंद उरतो. त्यावरूनच आयुर्वेदात ती लांगली.

नावावर विसंबणं मात्र धोक्याचं. गुजरातीत हिला 'दूधियो वछनाग' म्हणतात, आणि आयुर्वेदातला बचनाग म्हणजे हिमालयातली अगदी वेगळ्या कुळातली वनस्पती. दोन्ही विषारी, पण विषं निराळी आणि उपचारही निराळे. जडीबुटीच्या दुकानातला वाळका तुकडा पाहून फरक सांगणं कठीणच.

बाळंतपण अडलं की सुईणी कंदाचा लेप बेंबीवर, तळपायांवर लावत. कळा आणणारी म्हणून कळलावी. उवांवर, विंचूदंशावरही ती वापरात होती. पण बहुतेक उपाय बाहेरूनच, हे लक्षात घ्यायला हवं. पोटात द्यायची झाल्यास वैद्य कंद आधी गोमूत्रात शुद्ध करतात. ग्रंथांनी तिला उपविषांतच धरलंय.

या सावधगिरीचं कारण कळलावीतलं विष, कोल्चिसीन. युरोपातल्या कोल्चिकम या तिच्या नातेवाईक वनस्पतीतून ते 1820 मध्ये वेगळं काढलं गेलं. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन्हीकडे ओढणारे सूक्ष्म धागे ते बनूच देत नाही. वनस्पतींत याच गुणाने गुणसूत्रं दुप्पट करता येतात, हे 1937 मध्ये दिसलं आणि पीकसुधारणेला नवं हत्यार मिळालं. गाउटवर कोल्चिसीनच्या गोळ्या आजही देतात. तमिळनाडूत, जिथे कळलावी हे राज्यफूल आहे, शेतकरी कोल्चिसीन असलेल्या बियांसाठी तिची शेती करतात.

कंद खाण्याजोगा समजून उकडून खाल्ल्याने श्रीलंकेत विषबाधा झाल्या आहेत. उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात, त्यामुळे साधं अपचन वाटतं. अस्थिमज्जेवरचा घाला नंतरच्या दिवसांत कळतो. अशा वेळी घरगुती उताऱ्यात वेळ न घालवता रुग्णाला दवाखान्यात न्यावं, आणि उरलेला कंद, जमल्यास पानासकट, सोबत घ्यावा.