सापाची पेटी : एक फसलेलं प्रोजेक्ट

मेसच्या मागच्या लाकडांच्या ढिगात हातभर लांबीचं धामणीचं पिल्लू सापडलं आणि आमच्या रूम पार्टनरने जाहीर केलं, "भावा, हा आपला नवा मेंबर!" जुन्या दीड फुटी फिशटँकमध्ये त्याला सोडलं, वर पुठ्ठा ठेवला, आत वाडगाभर दूध. झाली सापाची रूम तयार! इंजिनिअरिंगच्या पोरांना एक पेटी करायला काय अवघड? पण मित्रांनो, दोन दिवसांत आमचं सगळं डिझाईन चुकलं.

पहिली चूक उष्णतेची. साप आपल्यासारखं अंग आतून गरम ठेवू शकत नाही. ऊब हवी की उन्हात येतो, तापलं की सावलीत जातो. म्हणजे कंट्रोलर तो स्वतःच. त्याला फक्त जागा निवडता आली पाहिजे. म्हणून चांगल्या पेटीचं एक टोक उबदार आणि दुसरं थंड ठेवतात. परदेशात पाळल्या जाणाऱ्या बॉल पायथनसाठी हे साधारण ३२ आणि २५ अंश सेल्सिअस असतं, आणि हीटरला थर्मोस्टॅट लागतोच. आम्ही वर ६० वॅटचा बल्ब टांगला. अर्ध्या तासात अख्खा टँक तापला आणि बिचारं पिल्लू दुधाच्या वाडग्यात जाऊन बसलं! ओपन लूप सिस्टिमचे तोटे परीक्षेत लिहून मार्क घेतले होते, पण कळले त्या दिवशी.

दुसरी चूक लपायच्या जागेची. चारी बाजूंनी काच, त्यामुळे ते सारखं नाक घासत राहिलं. अंग चिकटून बसेल अशी आडोशाची जागा दोन्ही टोकांना हवी. नाहीतर सापाला ऊब किंवा लपण यातलं एकच मिळतं. पेटी निदान सापाइतकी लांब पाहिजे. मोठी धामण सहा-सात फूट होते, म्हणजे आपल्या कॉटएवढी!

तिसरी चूक दुधाची. साप दूध पीत नाही, त्याला स्वच्छ पाणी लागतं. शिवाय हवा खेळती हवी. आपल्या कोल्हापूरच्या पावसात बंद, ओल्या पेटीत सापाला श्वसनाचा आजार होऊ शकतो.

चौथी चूक सगळ्यांत महाग पडली. तिसऱ्या दिवशी सकाळी पुठ्ठा सरकलेला आणि टँक रिकामा! सापाच्या पेटीला घट्ट झाकण आणि कडी लागते, कारण डोकं शिरेल तिथून साप बाहेर पडतो. त्या रात्री आमच्या मजल्यावर कुणी झोपलं नाही. शेवटी सर्पमित्राला बोलावलं. त्यांना पिल्लू कपाटामागे सापडलं. ते म्हणाले, "नशीब, धामणच होती. मण्यार असती तर?" मण्यार रात्री झोपेत चावली तर कधीकधी कळतही नाही.

त्यांनीच सांगितलं की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने धामण संरक्षित आहे, ती घरात ठेवणं गुन्हा आहे. पेटी कितीही छान असली तरी! बॉल पायथनसारख्या परदेशी सापांसाठीही २०२४ च्या नियमांनुसार सरकारदरबारी नोंदणी लागते. सापांची ज्याला खरंच आवड आहे त्याने पुण्यात कात्रजचं सर्पोद्यान बघावं. ते १९८६ साली नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने सुरू झालं. आपल्याच जिल्ह्यात चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीच्या शाळेत बाबूराव टक्केकरांनी पोरांना साप ओळखायला शिकवलं. म्हणजे साप शिकायला तो पाळावाच लागतो असं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी साप दिसला तर हात लावू नका. लांबून नजर ठेवा, रेक्टर सरांना सांगा, सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा.

मेसच्या मावशी तर पहिल्याच दिवशी ओरडल्या होत्या, "उंदीर खाणारी ती, कशाला डांबलंयसा तिला?" आता पटतं. त्या लाकडांच्या ढिगाला एका अंगाला ऊन होतं, आत गारवा होता, लपायला फटी होत्या आणि शेजारी मेसचे उंदीर! सगळं स्पेसिफिकेशन तिथे आधीच पूर्ण होतं.