मलावीच्या माशांना हवं दगडांचं घर
आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले म्बुना सिक्लिड खडकांच्या कपारीत राहतात, दगडांवरचं शेवाळ खरवडून खातात. म्हणून त्यांच्या टँकमध्ये दगड हवेतच, आणि भरपूर!

🪨 दगड आधी, वाळू नंतर. हे मासे तोंडाने वाळू उपसतात. वाळूवर रचलेला दगड घसरला तर काच फुटू शकते.

🪨 दगडावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसला तर त्यात चुना आहे, आणि चुन्याने पाण्याचा पीएच वाढतो. म्बुनांना ७.७ ते ८.६ पीएचचं पाणी मानवतं, त्यामुळे इथे तो चालतो.

🌿 अनुबियास, जावा फर्न दोऱ्याने दगडाला बांधा. त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलं तर कुजतं.

🖤 मागच्या काचेला बाहेरून काळा कागद लावा. पिवळाधमक 'इलेक्ट्रिक यलो' म्बुना त्यावर कसा उठून दिसतो, बघाच!