अलिबागला जावे केव्हा?

आपण वऱ्हाडातली माणसे. समुद्र आपल्यापासून रात्रभराच्या रेल्वेप्रवासाहूनही दूर. त्यामुळे कोकणात जायचे ठरले की आपण आधी सुटी पाहतो, मग आरक्षण, मग खिसा. ऋतूचा विचार जमल्यास करतो. तिथीचा तर कधीच नाही. मीही केला नव्हता, आणि त्याचे फळ माझ्या आजोबांना भोगावे लागले.

आबांना कान्होजी आंग्रे यांचा कुलाबा किल्ला पाहायचा होता. "पेरनी लागाच्या आंधी जाऊन येऊ," ते म्हणाले. म्हणून आम्ही जूनमध्ये निघालो. समुद्र पौर्णिमेला सुंदर दिसतो असे कुठेतरी ऐकले होते, म्हणून मी वटपौर्णिमेचा दिवस धरला. पावसाळ्यामुळे गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचेस बंद होत्या. पेणवरून एस. टी. ने अलिबागला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. किल्ला समोर होता, पण मध्ये पाणीच पाणी. होड्याही बंद. किनाऱ्यावरच्या एका वृद्ध कोळ्याने सांगितले की आज पुनव आहे, पाणी संध्याकाळी उतरेल. रात्री मुंबईहून गाडीचे आरक्षण होते. दोन तास वाळूवर बसून आम्ही परतलो. वाटेत आबा एवढेच बोलले, "पंचांग तं आपल्याही घरी हाय पोरा, पन पेरनीसाठीच पाह्यतो आपन."

तेव्हापासून मी या प्रश्नाचा थोडा अभ्यास केला. तोच येथे मांडतो.

प्रथम ऋतू. अकोल्याला वर्षभरात साधारण ७५० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. अलिबागला दोन हजारांहून अधिक, आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात समुद्र खवळलेला असतो. आंग्र्यांच्या काळीसुद्धा पावसाळ्यात गलबते खाडीत ओढून ठेवीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढतो, तिकडे तो बत्तीस-तेहतिसाच्या आसपास राहतो. म्हणून आपल्याला वाटते की उन्हाळ्यात तिकडे गारवा असेल. पण हवेत बाष्प इतके असते की घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. आपल्या कोरड्या उन्हात उपयोगी पडणारा कूलर तिथे निरुपयोगी ठरतो तो याच कारणाने. ऑक्टोबरमध्ये ऊन पुन्हा तापते. राहता राहिले नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हे महिने. आकाश निरभ्र, समुद्र शांत, हवा सौम्य.

पण नुसता महिना निवडून भागत नाही. कुलाबा किल्ला सन १६८० मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने बांधावयास घेतला गेला, तो भर समुद्रातील खडकावर. ओहोटीला तेथे पायी जाता येते, भरतीला तो बेट होतो. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून त्यावर चालून गेले, पण तो त्यांना घेता आला नाही.

ओहोटीची वेळ काढण्याचा कोकणातला हिशेब सोपा आहे. तिथीला तीनाने गुणून चाराने भागावे. येईल तो पूर्ण भरतीचा तास. त्याच्या सुमारे सहा तास आधी व नंतर ओहोटी. पौर्णिमा म्हणजे पंधरा. उत्तर सव्वा अकरा. नेमके त्याच वेळी आम्ही किनाऱ्यावर उभे होतो! वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजावी. हिशेबात अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, म्हणून तेथे पोचल्यावर स्थानिक माणसाला विचारून घ्यावे.

अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी ऐन दुपारी बाराला. ही वेळ सोयीची वाटेल, पण अष्टमीला चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत नसते. त्या दिवशीची भरती भांगाची. पाणी फार चढत नाही आणि पुरते उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी चांगले आटते. म्हणून तृतीया ते पंचमी या तिथी मला सर्वांत योग्य वाटतात. उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी सकाळी सव्वाआठ ते दहाच्या दरम्यान येते. पाणी फिरण्याआधी मात्र परतावे.

राहिला आपल्या सवडीचा प्रश्न. दिवाळीच्या सुटीत कापूस वेचणीला येतो, आणि तिकडे मुंबईकरांची गर्दी असते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातही तेच. माघापर्यंत वेचणी बहुतेक आटोपलेली असते. तेव्हा माझे उत्तर असे: माघाचा शुद्ध पक्ष, तृतीया ते पंचमी, आणि शक्यतो शनिवार-रविवार सोडून. हिराकोट आणि कान्होजींची समाधी गावातच आहेत. ती भरतीच्या वेळात पाहावीत.

त्याच हिशेबाने आम्ही माघ शुद्ध तृतीयेला पुन्हा गेलो. सकाळी आठ वाजता आबा धोतर वर खोचून ओल्या वाळूतून चालत निघाले. तटाचे मोठमोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत, जेणेकरून लाटेचा जोर फटींत जिरावा. आबा त्यांवर हात फिरवीत बराच वेळ उभे राहिले. मग किल्ल्यातला गोड्या पाण्याचा तलाव पाहून म्हणाले, "खाऱ्यात गोडं! मांगच्या खेपेले हे नसतं दिसलं."

घरच्या पंचांगावर आता मी आधी तिथी पाहतो.