लॅपटॉप बंद पडला? आधी वही काढा

आजचा विषय कॉम्प्युटरच्या बिघाडाचा आहे असं सांगितलं तर निम्म्याजणी उठून चुलीकडे जातील. म्हणून आधी आमच्यावर काय गुदरलं ते सांगतो.

आमच्या ग्रामसंघात ११ गट. हिशोब वहीत असायचाच, पण लॅपटॉप आल्यावर सगळं त्यात चढवायला लागलो. बेरीज आपोआप, व्याज आपोआप. हळूहळू वहीवरचा हात सैल झाला. दोन गटांनी तर वही लिहायचंच सोडलं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "कॉम्प्युटरात आहे की!" आणि मग एका जुलैत, बँकेचे साहेब कर्जाच्या फायली बघायला यायच्या दोन दिवस आधी लॅपटॉप सुरूच होईना. काळा पडदा आणि वर इंग्रजीत पांढरी एक ओळ. ती ओळ आमच्यापैकी कुणी धड वाचली नाही. बटण दाबलं, परत दाबलं, पुसून पाहिलं, नारळ फोडायचा तेवढा बाकी ठेवला. शेवटी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जीपनं बाजाराच्या गावी एका दुकानात नेला. दुकानातला मुलगा म्हणाला, "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल." आम्ही माना हलवल्या. फॉरमॅट म्हणजे नक्की काय, ते विचारायची लाज वाटली. ८०० रुपये दिले. संध्याकाळी लॅपटॉप परत आला तो चकाचक, वेगवान आणि रिकामा. अडीच वर्षांचा हिशोब गेला.

नऊ गटांच्या वह्या होत्या, त्यावरून रात्री बसून पुन्हा चढवलं. उरलेल्या दोन गटांचं काय करायचं? एक बाई म्हणाली, माझे तीन हप्ते भरलेत. अर्धवट वहीत एकच दिसत होता. फरक २,१०० रुपयांचा. गटानं तो वाटून घेतला, पण ती बाई चार महिने बैठकीला आली नाही. रस्त्यात दिसली की मान वळवायची. लॅपटॉपचा बिघाड ८०० रुपयांचा, मग हा बिघाड किती रुपयांचा धरायचा?

आमच्यातल्या एका ताईंची लेक हिंजवडीला एका कंपनीत हेल्पडेस्कवर आहे. म्हणजे फोनवर बसून, कधी न पाहिलेल्या माणसाचा कधी न पाहिलेला कॉम्प्युटर दुरून चालू करून द्यायचा. गणपतीला घरी आली तेव्हा आम्ही तिला हे रडगाणं ऐकवलं. तिनं पहिलं विचारलं, "स्क्रीनवर काय लिहिलं होतं?" खूप आठवून एकजण म्हणाली, 'नो बूटेबल डिव्हाइस' असं काहीतरी. तिनं दुसरं विचारलं, "पेनड्राइव्ह लावलेला होता का?" होता. हळदीकुंकवाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह किती दिवस तसाच खोचलेला होता.

तिनं कपाळाला हात लावला. कॉम्प्युटर सुरू होताना स्वतःची सुरुवातीची फाईल कुठं आहे ते शोधतो. काही मशीनमध्ये तो आधी पेनड्राइव्हमध्ये शोधतो. तिथं तर फोटो! मग तो म्हणतो, मला सुरू व्हायला काही सापडत नाही. पेनड्राइव्ह उपसून परत चालू केलं असतं तर कदाचित झालं असतं. "कदाचित" असंच ती म्हणाली, छातीठोक म्हणाली नाही. हार्ड डिस्क खराब झाली असती तरी तीच ओळ आली असती. पण उपसून बघायला एक पैसा लागत नव्हता. दुकानातल्या मुलाला किती दोष द्यायचा? मान आम्हीच हलवली होती.

मग आम्ही तिलाच धरून बसवलं. तुम्ही लोक हे कसं ओळखता? ती हसली. म्हणाली, आम्ही काही फार हुशार नसतो. एकाला बिघाड सापडला की तो लिहून ठेवतो: काय दिसलं, काय कारण निघालं, कशानं बरं झालं. पुढच्याला तसाच फोन आला की तो ते वाचतो. देशोदेशीची सपोर्टची माणसं अशीच एकमेकांना युक्त्या देतात. तायांनो, हे ऐकून आम्हाला जरा बरं वाटलं. लिहून ठेवणं तर आपलं कामच. इतिवृत्त कोण लिहितं? आपणच ना! त्या दिवशी दोनशे पानी वही आणली, वर लिहिलं 'बिघाड वही'. पहिल्या पानावर ती काळ्या पडद्याची ओळ, मराठी अक्षरांत, ऐकू येते तशी.

आता तिनं शिकवलेलं. म्हैस दूध देईना झाली तर आपण आधी विचारतो, काल वैरण कुठली घातली? कॉम्प्युटरचंही तेच. काल चालत होता ना, मग कालपासून काय बदललं? नवीन वायर, नवीन ॲप, लहान मुलानं हात लावला, लाईट गेली, काहीतरी असतंच. दुसरं असं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आमटीत मीठ, चिंच, गूळ एकदम घातलं तर चव कशानं सुधारली ते कळत नाही.

तिसरी युक्ती आम्हाला सगळ्यात आवडली. मोटर चालू आहे पण शेताच्या टोकाला पाणी येईना, तर आपण सगळा पाइप उकरत नाही. मध्यावर जोड सोडून बघतो. तिथं पाणी असेल तर बिघाड पुढे, नसेल तर मागे. इंटरनेटला हेच लावा. अर्जाचं पान उघडत नसेल तर त्याच फोनवर दुसरं कुठलंही पान उघडून बघा. ते उघडलं तर तुमचं नेट ठीक आहे. मग अर्जाचं तेच पान शेजारणीच्या फोनवर बघा. तिथंही नाही उघडलं तर बिघाड बहुतेक पलीकडे सर्व्हरला आहे, तुमच्या घरात नाही. मग फोनशी झटापट करू नका, झोपा आणि पहाटे प्रयत्न करा. योजनेच्या शेवटच्या तारखेला सगळा जिल्हा एकदम बसलेला असतो, पहाटे चारला गर्दी ओसरलेली असते.

'बंद करून चालू करा' हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. चालू असताना यंत्राच्या तात्पुरत्या आठवणीत फार पसारा साठतो, तो त्यानं निघून जातो. पण एक गोम आहे. विंडोजच्या नव्या लॅपटॉपवर 'शट डाउन' केलं तरी पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून तो आतला थोडा भाग जपून ठेवतो, आणि बिघाडही त्याच्याबरोबर जपला जातो. 'रिस्टार्ट' केलं की खऱ्या अर्थानं पहिल्यापासून सुरुवात होते. म्हणून बिघाड असेल तेव्हा रिस्टार्टच. लॅपटॉप पार मेल्यासारखा असेल, दिवासुद्धा लागत नसेल, तर चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा, चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग नुसता चार्जर लावून बघा. आमचा एकदा असाच उठला. आणि हो, त्याच्याही आधी एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण चालू आहे का ते बघा. वहीत ही नोंद पाच वेळा आहे. नावं सांगत नाही.

आता आपल्या पावसाचं. लोणावळ्याला वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. लोणावळा-वळवणच्या तळ्यांचं पाणी खाली खोपोलीला सोडून टाटांनी १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. आपल्या पावसावर मुंबई उजळली आणि आपल्याकडे ढग दिसला की लाईट जाते, असो. वीज कडाडायला लागली की नुसतं बटण बंद करून भागत नाही. पिन बोर्डातून उपसून काढा. ब्रॉडबँडची तार असेल तर तीही काढा, कारण झटका त्या तारेतूनही येतो.

ओलाव्यानं कागदही फुगतो. मग प्रिंटर दोन-दोन पानं ओढतो आणि अडकतो. रिमचं वेष्टन फोडलं की उरलेले कागद घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पापड ठेवतो तसे. अडकलेला कागद ओढताना प्रिंटर बंद करा आणि शक्यतो कागद ज्या दिशेनं जातो त्याच दिशेनं हलके काढा. प्रिंटर गरम, उबदार जागा म्हणून आत झुरळं, मुंग्या घर करतात. यात लाजायचं काही नाही. १९४७ च्या ९ सप्टेंबरला अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका मोठ्या कॉम्प्युटरात पतंग अडकलेला सापडला होता. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीनं वहीत चिकटवून नोंद केली. ती वही आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. बिघाडाला 'बग' म्हणजे किडा म्हणायची पद्धत त्याच्याही आधीची, पण इथं किडा खरोखरचा होता. आमच्या वहीतही एक पाल आहे, म्हणजे नोंद आहे, चिकटवलेली नाही.

लावणीच्या दिवसांत अंगठ्याच्या मशीनपुढं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. दिवसभर चिखलात हात, बोटं सुरकुतलेली, ठशाच्या रेषा झिजलेल्या. मशीन नाही म्हणतं आणि बाई खाली मान घालून निघते, जणू तीच खोटी. तायांनो, ती ओळखीतली खोट नाही, बोटाच्या कातडीची आहे. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, मशीनची काच कोरड्या मऊ कापडानं पुसायला सांगा, बोट फार जोरात दाबू नका. अंगठा नाही लागला तर दुसरं बोट द्या, दहा बोटांचे ठसे दिलेले असतात. काही ठिकाणी डोळ्यावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय असते, ती आहे का विचारा. वारंवार होत असेल तर आधार केंद्रावर ठसे नव्यानं देता येतात. ते लावणीच्या आधी, मेमध्ये उरकून घ्या, तेव्हा बोटं जरा बरी असतात.

मराठी अक्षरांचा घोटाळाही नेहमीचा. कुणीतरी अर्जाचा नमुना पाठवतं आणि आपल्याकडे उघडला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फाईल खराब झालेली नसते. जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी वळणं बसवलेली असत. तो फॉन्ट आपल्या मशीनवर नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा नंबर असतो, म्हणून ते फोनवरही नीट दिसतं. तेव्हा फाईल पुसू नका, पाठवणाऱ्याला पीडीएफ करून पाठवायला सांगा. आणि आपण टाइप करताना युनिकोडमध्येच करा.

एक गोष्ट मात्र वहीत लाल शाईनं आहे. स्क्रीनवर अचानक मोठ्यानं भोंगा वाजतो, 'तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला, या नंबरवर फोन करा'. फोन करू नका. नुसत्या एखाद्या वेबपानावर कुणी कॉम्प्युटर तपासत नाही. ऑल्ट आणि एफ ४ एकदम दाबून पान बंद करा, नाही झालं तर लॅपटॉपचं बटण दाबून धरून सरळ बंद करा. कुणी फोनवर म्हणालं की एक ॲप घ्या, मी इथूनच दुरुस्त करतो, तर तो तुमचा अख्खा पडदा बघू शकतो, बँकेचा ओटीपीसुद्धा. हिंजवडीची लेकही असंच दुरून काम करते, पण तिला फोन माणसं स्वतः करतात, आणि ती कधीच पासवर्ड विचारत नाही. पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर, तितका पैसा अडवता यायची शक्यता जास्त.

राहिला आमचा गेलेला हिशोब. सपोर्टवाल्यांचा नियम आहे: तीन प्रती, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक तरी दुसऱ्या जागी. आम्ही आमच्या पद्धतीनं बसवलं. एक प्रत लॅपटॉपमध्ये, एक कागदाच्या वहीत आणि एक पेनड्राइव्हवर, जो महिनाअखेरीला दुसऱ्या वाडीतल्या ताईंच्या ट्रंकेत जातो. कार्यालय गळलं तरी ट्रंक कोरडी. हप्ता घेतला की बाईच्या पासबुकात त्याच क्षणी सही, लाईट असो नसो. दुकानात काही द्यायची वेळ आली तर कागदावर लिहून देतो, 'आमच्या परवानगीशिवाय फॉरमॅट करू नये, आधी आतला डेटा काढून द्यावा', आणि पावतीवर दुकानदाराची सही घेतो. पहिल्यांदा तो जरा रागावला. आता सवय झाली.

बिघाड वही कार्यालयात खिळ्याला सुतळीनं टांगलेली असते. आता ती लिहायचं काम त्या २,१०० रुपयांच्या बाईकडे आहे. अक्षर तिचंच सगळ्यात चांगलं, आणि पेनड्राइव्ह खोचलेला दिसला की पहिली तीच ओरडते. तुमच्या गटाला वहीची पानं हवी असतील तर पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीत फोटो काढून न्या. येताना तुमच्याकडचे बिघाड लिहून आणा. आमच्याकडे अजून एक सुटलेला नाही: दर अमावस्येच्या आसपास आमचा प्रिंटर उलटी पानं का छापतो, ते कुणाला ठाऊक असेल तर कळवा.